जादूगाराचे ५१ गुण

केळझरच्या एका गणिताच्या शिक्षिकेने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. त्यांच्या अकरावीच्या वर्गातील दोन-तीन मुले संगणकावरील एका खेळातल्या जादूगाराला कोणते ‘टॅलेंट’ द्यावे यावरून मधल्या सुट्टीत हमरीतुमरीवर येतात. संभाव्यतेच्या तासाला मात्र तीच मुले गप्प बसतात. या वादात काही गणित आहे की तो नुसता वेळेचा अपव्यय आहे?

गणित आहे, आणि ते चांगल्या प्रतीचे आहे. पण मुले ज्या रीतीने ही निवड करतात त्या रीतीत ते बहुधा शिल्लक राहत नाही. दोष खेळाचा किती आणि खेळाभोवती उभ्या राहिलेल्या तयार उत्तरांचा किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला आणि त्याचे जुने रूप ऑगस्ट २०१९ मध्ये ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा उपलब्ध करून दिले. इंटरनेटद्वारे हजारो खेळाडू एकाच काल्पनिक जगात वावरतात. प्रत्येकाचे एक पात्र असते. जादूगार हे त्यांपैकी एक. त्याच्या अंगावर चिलखत नाही, कापडी झगा आहे. दूर उभे राहून मंत्राने शत्रूला जास्तीत जास्त इजा करणे हे त्याचे काम. या इजेला मुले ‘डॅमेज’ म्हणतात. क्लासिक रूपात पात्राच्या ६० पातळ्या असतात आणि दहाव्या पातळीपासून प्रत्येक पातळीला एक गुण मिळतो. असे एकूण ५१ गुण. (५० का नाही, हे वर्गात विचारून पाहावे. निम्मा वर्ग चुकतो.)

हे गुण गूढ, अग्नी आणि हिम अशा तीन शाखांत खर्च करायचे. प्रत्येक शाखेत ओळीखाली ओळ अशी टॅलेंट मांडलेली असतात. वरच्या ओळींत पुरेसे गुण टाकल्याशिवाय खालची ओळ उघडत नाही. प्रत्येक पुढच्या ओळीसाठी आणखी पाच. त्यामुळे सगळे चांगले घेता येत नाही आणि कधी कधी नको असलेलेही घ्यावे लागते.

केळझरच्या वाचकांना येथे आपल्याच गावची गोष्ट आठवेल. स्थानिक परंपरा केळझरला महाभारतातील एकचक्रानगरी मानते. (हा मान जळगाव जिल्ह्यातील एरंडोललाही दिला जातो.) गाडाभर अन्न आणि एक माणूस अशी बकासुराची पाळी आली तेव्हा भीम गेला आणि अंगच्या बळावर त्याने काम फत्ते केले. म्हणून भीम अर्जुनापेक्षा श्रेष्ठ ठरतो काय? शत्रू कोण हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला अर्थच नाही. जादूगाराच्या टॅलेंटचेही तसेच आहे, आणि ते आकड्यांनी दाखवता येते.

हिमशाखेतील दोन टॅलेंट घेऊ. ‘एलिमेंटल प्रिसिजन’ मध्ये तीन गुण घातले तर मंत्र लागू पडण्याची शक्यता शेकडा ६ ने वाढते. ‘पीअर्सिंग आइस’ मध्ये तीन गुण घातले तर हिममंत्रांची इजा शेकडा ६ ने वाढते. दोन्हींची किंमत सारखी आणि दोन्हींवर आकडाही ६ च. मग फरक काय?

या खेळात आपल्याच पातळीच्या शत्रूवर मंत्र लागू पडण्याची शक्यता शेकडा ९६ असते. मोठ्या मोहिमांतील प्रमुख राक्षस मात्र आपल्यापेक्षा तीन पातळ्यांनी वरचा धरलेला असतो. त्याच्यावर ती शेकडा ८३ वर येते. कितीही प्रयत्न केला तरी ९९ च्या वर जाता येत नाही. आता हिशेब करू. राक्षसासमोर प्रिसिजन घेतले तर ८३ चे ८९ होतात. ८९ ला ८३ ने भागले की वाढ सुमारे ७.२ टक्के येते. पीअर्सिंग आइसची वाढ ठरलेलीच, ६ टक्के. म्हणजे प्रिसिजन सरस. समोर बरोबरीचा शत्रू असेल तर ९६ चे १०२ होत नाहीत, ९९ वर अडते. वाढ फक्त ३.१ टक्के. येथे पीअर्सिंग आइस सरस. तीच दोन टॅलेंट, तोच जादूगार. शत्रू बदलला आणि क्रम उलटा झाला.

अंगावरची वस्त्रे आणि अंगठ्या यांतूनही नेम सुधारतो. त्यांतूनच १६ टक्के मिळवलेल्या जादूगाराला राक्षसासमोरही प्रिसिजनचा उपयोग शून्य, कारण तो आधीच ९९ वर पोचलेला आहे. टॅलेंटची किंमत अशी त्याच्या एकट्याच्या पोटात नसते. आपल्याकडे आधीच काय आहे आणि समोर कोण आहे, यांवर ती ठरते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सीमांत उपयोगिता नावाचा जो धडा मुले पाठ करतात, तो हाच.

आणखी एक उदाहरण पाहू. काही मंत्र जबर बसतात, त्यांना मुले ‘क्रिट’ म्हणतात. जबर बसलेला मंत्र एरवी दीडपट इजा करतो. ‘आइस शार्ड्स’ मध्ये पाच गुण घातले तर हिममंत्र दुप्पट करतो. क्रिटची शक्यता ५ टक्के असेल तर सरासरी १.०२५ वरून १.०५ वर जाते, म्हणजे जेमतेम २.४ टक्के वाढ. तीच शक्यता २० टक्के असेल तर १.१० चे १.२० होतात, म्हणजे ९ टक्क्यांहून अधिक. नवख्या जादूगारासाठी हे टॅलेंट फारसे कामाचे नाही आणि मुरलेल्यासाठी ते न घेणे परवडत नाही. अपेक्षित मूल्य शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकात आढळलेले नाही. लाल आणि निळ्या गोट्यांच्या पिशवीत निदान कोणाचा जीव अडकलेला नसतो.

खेळाच्या रचनाकारांना याचे श्रेय दिले पाहिजे. ‘मोल्टन कोर’ या चाळीस जणांच्या मोहिमेतील अनेक शत्रूंवर अग्नीचा परिणामच होत नाही. शेवटचा रॅग्नारोस तर अग्नीचाच अधिपती. कागदावर अग्निशाखा कितीही प्रखर दिसली तरी तेथे हिमशाखाच कामाला येते. पुढच्या काही मोहिमांत ही अट सुटते आणि अग्नी पुन्हा वर येतो. कोणतीही एक शाखा कायमची श्रेष्ठ नाही, हे खेळाने नियमांतूनच सांगून ठेवले आहे.

आता तक्रारीकडे वळतो. बहुसंख्य खेळाडू यातला कोणताही हिशेब करत नाहीत. कोणीतरी केलेला हिशेब ‘सर्वोत्तम बिल्ड’ म्हणून प्रसिद्ध होतो आणि सगळे तोच उतरवून घेतात. हिशेब करणारे लोक हुशार असतात आणि त्यांचे उत्तर बहुधा बरोबरही असते. पण त्या उत्तराखाली काही गृहीतके असतात: शत्रू तीन पातळ्या वरचा आहे, तो एका जागी उभा आहे, लढत पाच मिनिटे चालते, वस्त्रे अमुक प्रतीची आहेत. उतरवून घेताना ही गृहीतके गळून पडतात आणि नुसता आकडा हाती राहतो. मधल्या सुट्टीतला वाद पाहावा. एक मुलगा राक्षसाचा हिशेब सांगत असतो, दुसरा बरोबरीच्या शत्रूचा. दोघेही खरे बोलतात आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

रचनाकारांनी यावर काढलेला उपाय मला पटलेला नाही. सगळे एकच बिल्ड वापरतात, मग ही निवड खरी कुठे आहे, असे म्हणून २०१२ मध्ये ‘मिस्ट्स ऑफ पँडेरिया’ या आवृत्तीत ही शाखांची झाडेच काढून टाकण्यात आली. त्यांच्या जागी सहा ओळी आल्या. प्रत्येक ओळीतून तीनपैकी एक उचलायचे. विद्यार्थी मार्गदर्शकातून उत्तरे उतरवतात म्हणून दीर्घोत्तरी प्रश्न रद्द करून बहुपर्यायी परीक्षा आणण्यासारखेच हे झाले. उतरवणे त्याने थांबत नाही, उतरवायचा मजकूर तेवढा लहान होतो. शेवटी २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ आवृत्तीत झाडे परत आली. सोबत एक सोयही आली: दुसऱ्याची संपूर्ण निवड अक्षरांच्या एका लांब माळेत साठवायची आणि ती माळ आपल्याकडे चिकटवायची. वाचण्याचीही गरज उरली नाही.

मोजमापाची गोष्ट वेगळी आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकाला तीच अधिक जवळची वाटेल. कोणी किती इजा केली हे मोजणारी उपकरणिका खेळाडू वापरतात. लढत संपली की यादी समोर येते. पहिला क्रमांक आला की ‘माझे टॅलेंट बरोबर’ असा निष्कर्ष निघतो. त्यात निदान दोन चुका आहेत. हिमाचा एक मंत्र अडीच सेकंदांचा धरला तर पाच मिनिटांत १२० मंत्र होतात. क्रिटची शक्यता २० टक्के असेल तर सरासरी २४ क्रिट मिळतील, पण प्रमाण विचलन ४.४ आहे. आइस शार्ड्स असताना एवढ्यानेच एकूण इजा सुमारे ३ टक्क्यांनी इकडेतिकडे होते. दोन निवडींमधला फरक जर एकच टक्का असेल तर तो खात्रीने ओळखायला प्रत्येक निवडीच्या सुमारे ७५ लढती लागतील. एका लढतीवरून बोलणे म्हणजे एका दिवसाच्या तापमानावरून हवामान सांगणे.

दुसरी चूक अधिक मजेदार आहे. अग्निशाखेत ‘इग्नाइट’ नावाचे टॅलेंट आहे: अग्निमंत्राचा क्रिट बसला की शत्रू पुढची चार सेकंद धुमसत राहतो. क्लासिकमध्ये अनेक जादूगारांची धग एकाच ज्वाळेत साठत जाते, पण तिचे सारे श्रेय ती ज्वाळा ज्याने प्रथम पेटवली त्याच्या नावावर पडते. यादीतला पहिला जादूगार म्हणजे पुष्कळदा इतरांच्या कष्टांवर नाव लागलेला मनुष्य. प्रयोगशाळेतही ही प्रथा अगदीच अपरिचित नाही.

शिवाय त्या श्रेयाबरोबर शत्रूचा रोषही त्याच्यावर येतो. चिलखतवाल्या सोबत्याने ओढून धरलेला राक्षस फार इजा करणाऱ्या जादूगाराकडे वळतो, आणि कापडी झग्यातला जादूगार एका फटक्यात संपतो. मेलेल्याची सरासरी वाढत नाही. हिमशाखेतले ‘फ्रॉस्ट चॅनेलिंग’ हे टॅलेंट इजा तिळमात्र वाढवत नाही. मंत्राचा खर्च आणि हा रोष कमी करते. केवळ इजेचा हिशेब करणाऱ्याला ते फुकट गेलेले गुण वाटतील.

हा विचार सेलू तालुक्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. तो कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकतो. चांगल्या सालातले कापसाचे उत्पन्न हा एकच निकष त्याच्यापुढे नसतो. पावसाने ओढ दिली किंवा भाव पडला तर घरात काय येईल, हेही त्याला पाहायचे असते. तुरीचे मूळ खोल जाते, ती उशिरा हाती येते, म्हणून दोघांवर एकाच वेळी संकट येण्याची शक्यता कमी होते. सरासरी आणि जोखीम यांचा तोल त्याने वर्षानुवर्षांच्या अनुभवाने साधलेला असतो, आणि शेजारच्याची निवड जशीच्या तशी उतरवताना आपली जमीन हलकी आहे की भारी, हे तो आधी पाहतो.

आता थोडे वर्गाविषयी. यासाठी संगणक लागत नाही, खेळाचे मासिक शुल्क तर मुळीच नाही. राक्षसावर मंत्र लागू पडण्याची शक्यता ८३ टक्के, म्हणजे जवळजवळ पाच षष्ठांश: एक फासा टाकावा, १ आला तर मंत्र फुकट गेला. लागू पडला तर दुसऱ्यांदा फासा टाकावा, ६ आला तर क्रिट. एका गटाने क्रिटचे २ गुण मोजावेत (यांच्याकडे आइस शार्ड्स आहे), दुसऱ्याने दीड. इतर मंत्रांचा १. प्रत्येक गटाने १२० मंत्र टाकावेत. तास पुरत नसेल तर चार-चार मुलांत वाटून घ्यावेत. अपेक्षित बेरीज पहिल्या गटाची सुमारे ११७ आणि दुसऱ्याची १०८. मुलांनी ती आधी स्वतः काढावी आणि फळ्यावर लिहावी, मग फासे हाती द्यावेत. असे अनेक वर्गांत केले तर साधारण सातातून एका वर्गात दुसराच गट जिंकेल. तसे झालेच, तर त्या गटातील मुलांना आइस शार्ड्सच्या विरोधात एक ‘सर्वोत्तम बिल्ड’ लिहायला सांगावे आणि ते खोडून काढायचे काम पहिल्या गटाला द्यावे.