गाणं वाहून येतं, थांबतं का? : घरचा हाय-फाय आणि स्ट्रीमिंग

मागच्या व्याख्यानानंतर एकानं विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले. तुम्हाला या ॲम्प्लिफायर आणि वायरींचं खूळ कुठून लागलं?" (हशा) प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच, की गाणं कशातून येतं यावर ते आपल्यापाशी काय होऊन पोचतं हेही थोडंफार ठरतं. म्हणून आज समीक्षा गाण्याची नाही, त्याच्या वाटेची आहे.

आधी हकिगत. आमच्या घरी तीसेक वर्षांचा ॲम्प्लिफायर आहे आणि दोन स्पीकर. सीडी प्लेअर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, याची लेन्स आता मिळत नाही. एक जुना विद्यार्थी आला, तो म्हणाला, "सर, सगळं मोडीत काढा आणि एक ब्लूटूथ स्पीकर घ्या." आम्ही ऐकलं नाही, आणि बरं केलं. कारण ॲम्प्लिफायर म्हातारा झालेला नव्हता. त्याला आकड्यांची भाषा कळत नव्हती, इतकंच. आकड्यांचं विद्युत-लहरीत रूपांतर करणारा एक दुभाषा हवा होता. त्याला 'डॅक' म्हणतात. वाय-फायवरून गाणं घेणारा आणि पोटात डॅक असलेला जो छोटा डबा मिळतो, तो स्ट्रीमर. लाल-पांढऱ्या पिनांची केबल त्यातून काढायची आणि ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' किंवा 'सीडी' लिहिलेल्या सॉकेटात घालायची. झालं. फक्त 'फोनो' लिहिलेल्या जागी घालू नका. ती जागा तबकडीच्या सुईतून येणाऱ्या क्षीण संदेशासाठी असते, तिथं आवाज फाटतो.

ब्लूटूथ का नको? एक तर त्यात आवाज सहसा पुन्हा दाबला जातो. दुसरं, विलंबित ऐन रंगात आलेलं असताना फोन वाजतो आणि गाणं थांबतं. स्ट्रीमर गाणं थेट इंटरनेटवरून ओढत असेल, तर फोन नुसता रिमोट उरतो.

आता थोडे आकडे. सीडीमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. चांगल्यातला चांगला एमपीथ्री ३२० चा, म्हणजे पाव हिश्शाहूनही कमी. उरलेलं "तुम्हाला ऐकू येणार नाही" असं ठरवून टाकलेलं असतं. 'लॉसलेस' म्हणजे काय, तर लुगड्याची घडी घालणं. एमपीथ्री म्हणजे लुगडं कापणं. घडी उलगडली की लुगडं पुन्हा अख्खं मिळतं. ॲपल म्युझिकनं ही सोय २०२१ मध्ये दिली, स्पॉटिफायनं २०२५ मध्ये. पण सेटिंगमध्ये जाऊन ती निवडलेली आहे ना, हे आपणच बघावं लागतं. त्याहून वरच्या '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ'च्या मागे आम्ही लागलो नाही. सत्तरीच्या कानांना तो नैवेद्य कशाला? (हशा) त्यापेक्षा स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. फुकट आहे, आणि फरक जास्त पडतो.

इथवर यंत्र पास झालं. आता तक्रार.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हाच्या तबकडीवर गाण्याला जेमतेम तीन मिनिटं मिळत, आणि त्यातच शेवटी आपलं नावही सांगायचं. आख्खा ख्याल त्या डबीत बसवावा लागे. १९४८ मध्ये एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. सीडीनं तासाभराच्या पुढे नेलं. आज तंत्राची मर्यादाच उरलेली नाही, राग तीन तास गायलात तरी चालेल. पण हिशेब बघा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक 'स्ट्रीम' मोजला जातो. पन्नास मिनिटांचा बडा ख्याल तोही एक, तीन मिनिटांचं गाणं तेही एक. शिवाय २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला मानधनच नाही. म्हणजे मेणाच्या तबकडीनं नाइलाजानं जी अट घातली होती, तीच हिशेबाची वही आता मागच्या दारानं घालते आहे. गवयाला कुणी "छोटं गा" असं म्हणत नाही. छोटं न गाणं परवडेनासं होतं, एवढंच. आमच्या मते या माध्यमावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप हा आहे.

दुसरा आक्षेप नावांचा. तिथले रकाने 'आर्टिस्ट', 'अल्बम', 'साँग' असे. राग कुठं लिहायचा? ताल? घराणं? तबल्याला कोण होतं, पेटीला कोण होतं, ते सीडीच्या मागे छापलेलं असे. इथं ते पुष्कळदा गळतं. साथीदार आधीच अंधारात बसायचा, आता तो खोलीबाहेर गेला.

तिसरा आक्षेप मौनाचा. भैरवी संपते, आणि दुसऱ्या क्षणी यंत्र भलतंच काहीतरी लावतं. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे. हे यंत्र श्रवण उदंड देतं आणि मननाची जागाच खाऊन टाकतं. उपाय सोपा आहे: 'ऑटोप्ले' बंद करा. 'क्रॉसफेड'ही बंद करा, नाहीतर एका रागाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं.

कुणी म्हणेल, सर, म्हातारपणाची कुरकुर आहे ही. थोडी आहेच. आमच्या लहानपणी आकाशवाणीवर जे लागेल ते आणि जेव्हा लागेल तेव्हा ऐकायचं. आज एखाद्या आडगावची मुलगी एका संध्याकाळी तीन गवयांचा मारवा शेजारी शेजारी ठेवून ऐकू शकते. हे लहानसहान नाही, आणि आम्ही ते नाकारत नाही.

एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आमच्या मंडळींना जोगियाची एक सीडी फार प्रिय होती. त्या गेल्या, पुढे प्लेअरही गेला. स्ट्रीमर आला तेव्हा पहिल्या सकाळी आम्ही तीच लावली. मिळाली. काही महिने रोज ऐकली. मग एक दिवस यादीत तिचं नाव फिकट करड्या अक्षरांत दिसलं, दाबलं तरी वाजेना. कुणाचा कुणाशी करार संपला असेल. आमच्याशी कुणाचा करार नव्हताच, हे तेव्हा कळलं.

सीडी मात्र कपाटात होती. त्याच विद्यार्थ्यानं, ज्यानं सगळं मोडीत काढायला सांगितलं होतं, लॅपटॉपवर ती लॉसलेस उतरवून एका हार्ड डिस्कवर ठेवली. आता तोच स्ट्रीमर ती डिस्क वाजवतो.

तेव्हा सुरुवात करणाऱ्यांना आमचं सांगणं असं: स्ट्रीमिंग जरूर घ्या, पण ते वाचनालय आहे असं समजून घ्या. वाचनालयात हिंडावं, नवं शोधावं, वर्गणी भरावी. जे पुस्तक गेलं तर आपल्यातलं काही जाईल, ते मात्र घरच्या कपाटात ठेवावं. आणि सीडी भंगारवाल्याला देऊ नका.