पडिमात्रा आणि संगणकीय प्रतिलेखन

जुन्या पोथीचे प्रतिलेखन आज बहुधा संगणकावर होते. परंतु संगणकाचा कळफलक चालू छपाईच्या देवनागरीसाठी घडविलेला आहे. पोथीत असलेले आणि कळफलकावर नसलेले चिन्ह समोर आले, म्हणजे प्रतिलेखकाने काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. पडिमात्रेच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

यादवकालीन शिलालेखांत, तसेच गुजरात-राजस्थानातील जैन पोथ्यांत ही मात्रा अक्षराच्या डोक्यावर न येता त्याच्या डावीकडे उभ्या रेघेच्या रूपाने येते. ‘के’ लिहिताना आधी रेघ, मग ‘क’. ‘को’ लिहिताना त्यापुढे आणखी काना. शब्दाशब्दांत अंतर न सोडलेल्या ओळीत ही रेघ मागील अक्षराचा काना समजली जाणे अगदी स्वाभाविक होय. ‘न ते’ हे शब्द पडिमात्रेने लिहिले असता अनभ्यस्त दृष्टीला तेथे ‘नात’ दिसते. अशा वाचनातून अपपाठ कसे जन्मतात, हे पाठचिकित्सकाला नव्याने सांगावयास नको.

२००९ साली युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत पडिमात्रेला स्वतंत्र स्थान मिळाले. (ओळीतील रिकामी जागा भरून काढणारे चिन्ह आणि गळलेला मजकूर दर्शविणारे हंसपद यांचीही सोय त्याच वेळी झाली.) पडिमात्रा डावीकडे दिसत असली, तरी ऱ्हस्व वेलांटीप्रमाणे तिची नोंद व्यंजनानंतर होते. त्यामुळे पडद्यावर जवळजवळ सारखे दिसणारे ‘न ते’ आणि ‘नात’ संगणकाच्या स्मृतीत मात्र भिन्न राहतात. या योजनेचे खरे मोल येथे आहे.

असे असता, लेखनप्रणालीत हे चिन्ह हाताशी नाही म्हणून कित्येक प्रतिलेखक त्याच्या जागी काना टंकित करून दृश्य साम्य साधतात. ही पद्धत सर्वथा त्याज्य होय. जुन्या लेखकाने भ्रमाने जी चूक केली, तीच येथे जाणूनबुजून संहितेत रुजविली जाते; आणि पृष्ठ मात्र निर्दोष दिसते! लेखनप्रणालीच्या चिन्हकोष्टकात ही मात्रा जोडून घेणे किंवा तिच्यासाठी एक कळ नेमणे हे थोड्या वेळाचे काम आहे. टंकात तिची आकृती असली पाहिजे, एवढीच अधिकची अट.

दुसरा पक्ष सरसकट चालू मात्रा घालणाऱ्यांचा. त्यांची अडचण खोटी नव्हे. पडिमात्रा आणि वरची मात्रा यांना युनिकोड समतुल्य मानीत नाही. साहजिकच ‘ते’ असा शोध घेतला, तर पडिमात्रेतील ‘ते’ हाती लागत नाही. दोन्ही पद्धती मिसळलेल्या पोथीची शब्दसूची त्यामुळे विस्कळीत होते. परंतु त्याच मिश्रणात लेखकाचा हात बदलल्याची खूण असू शकते, आणि मात्रा एकरूप केल्यावर ती पुसली जाते.

यावर उपाय दुहेरी संहितेचा. पडिमात्रेपुढे काना असल्यास ‘ओ’, वरची मात्रा असल्यास ‘ऐ’, काना-मात्रा असल्यास ‘औ’, आणि एकटीच असल्यास ‘ए’, या नियमांनी यथामूल संहितेवरून चालू संहिता यंत्राकडून सिद्ध करून घेता येते. उलट दिशेने हे रूपांतर कोणत्याही यंत्राला साधणार नाही; त्यासाठी पुन्हा पोथीच उघडावी लागेल.