गाणं उरलं, युक्तिवाद गेला

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी केलेलं भाषण संविधान दिनाला शाळा-कॉलेजांत आणि वस्त्यांतल्या मंडळांत हमखास ऐकायला मिळतं. म्हणजे त्यातली पाच मिनिटं मिळतात: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत, एवढा भाग. आवाज चढतो, मागे सिंथेसायझर भरून येतो, टाळ्या पडतात.

मूळ भाषण मात्र हिशेबाने सुरू होतं. समितीची पहिली बैठक होऊन दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस झाले, हे बाबासाहेब आधी सांगतात. अमेरिकेला किती वेळ लागला, ऑस्ट्रेलियाला किती, मसुद्यावर किती दुरुस्त्या आल्या (सुमारे ७,६३५), सगळं मोजून मांडतात. मसुदा समिती भरकटली असं म्हणणाऱ्या सदस्याला चिमटा काढतात. श्रेय बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना देतात. इतका वेळ वकिली शिस्तीत बोललेला माणूस शेवटी इशारा देतो, म्हणून तो इशारा अंगावर येतो. आपले सादरकर्ते चढण गाळतात आणि थेट शिखरावर उभे राहून ओरडतात. याच भाषणात जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल बजावलं आहे. तो परिच्छेद हार घातलेल्या तसबिरीसमोर म्हणायला अडचणीचा जात असणार. बहुधा तोच वगळला जातो.

दोष एकट्या वक्तृत्व स्पर्धांचा नाही. समतेच्या लढ्याचं सादरीकरण महाराष्ट्राला नवं नाही, आणि या कलेत पूर्वी भाषण आणि गाणं अशी फाळणी नव्हती. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या (१८७३) प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या जलशांनी तमाशाचा साचा उचलला. गौळणीतली कृष्णलीला काढली, बतावणीतला विनोद ठेवला आणि तो भिक्षुकशाहीवर वळवला. आंबेडकरी जलशाने हेच पुढे नेलं. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी १९३०च्या दशकापासून गावोगाव जे जलसे केले त्यांत मंदिरप्रवेश, शिक्षण, दारूबंदी, मेलेल्या जनावराचं मांस सोडणं असे विषय असत. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जलसाकार अभिमानाने सांगत आले. शब्द नेमके काय होते ते सोडून देऊ. सभेतला मुद्दा जलशात पोचत होता, हे महत्त्वाचं. एक पात्र रूढीची बाजू घेई, दुसरं प्रश्न विचारून त्याला कोंडीत पकडी, आणि निकाल लागला की ढोलकीवर गाणं येई. गाणं हा वादाचा शेवट होता, वादाऐवजी आलेली गोष्ट नव्हती.

हे जोडकाम तुटलं कसं? माझ्या मते कॅसेटने तोडलं. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने आयुष्यभर फिरून हजारो गीतं रचली. त्यांतली कित्येक चार कडव्यांत एक सबंध विचार बसवतात. प्रल्हाद शिंदे यांच्या भरदार आवाजाने भीमगीत घराघरांत नेलं. पण कॅसेटवर गाणंच मावलं, बतावणी मावली नाही. श्रोता समोर नसताना सवाल कोणाला करायचा? पुढे सीडी आली, डीजे आला, आणि गीतातला गौरव वाढत गेला तसा मुद्दा पातळ होत गेला. हे म्हणताना नाक मुरडण्याचा हेतू नाही. मिरवणुकीत ज्यांना कधी नाचू दिलं नाही ते स्वतःच्या गाण्यावर नाचतात, यातही समतेचं मोठं विधान आहे. आणि एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलच्या पडद्यावरूनही ऐकणाऱ्याला थांबायला लावतात, हे आपण पाहिलंच आहे. तक्रार एवढीच की बाबासाहेबांवरची गाणी उदंड झाली, बाबासाहेबांचं बोलणं मात्र रंगमंचावर पोरकं राहिलं.

त्यात एक खरी अडचणही आहे. बाबासाहेबांची मराठी भाषणं आपल्याकडे बरीचशी 'बहिष्कृत भारत', 'जनता' यांतल्या वृत्तान्तांतून आली. महाराष्ट्र शासनाने अठराव्या खंडात ती एकत्र केली आहेत. वृत्तान्त लिहिणाऱ्याची भाषा त्यात मिसळलेली आहे, त्यामुळे तो मजकूर जसाच्या तसा पाठ केला तर निबंधासारखा वाटतो. इथे नाटककाराची गरज आहे. २५ डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेतल्या भाषणात चवदार तळ्याची गोष्ट थेट १७८९ च्या फ्रान्सपर्यंत जाते. पॅरिस आणि महाड एकाच मंचावर आणायला यापेक्षा चांगलं कारण मिळणार नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं याचा खुलासा आधी येतो. ऐकणाऱ्यांच्या मनातली शंका वक्त्याने आधीच ओळखलेली असते. ही दोन्ही भाषणं पूर्ण, विनोदासकट, संगीताचं अस्तर न लावता केलेली मी अजून पाहिलेली नाहीत.

श्याम बेनेगलांच्या 'संविधान' (२०१४) मालिकेत सचिन खेडेकरांनी साकारलेले आंबेडकर मला याच कारणासाठी आवडतात. ते गरजत नाहीत, वाद घालतात.

रंगभूमीवर चांगली कामं झाली ती बहुतेक या जुन्या जोडकामाकडे परतणारी. सुषमा देशपांडे यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' १९८९ मध्ये आणलं तेव्हा एकच बाई प्रेक्षकांशी थेट बोलत होती. त्यात पुतळ्याला जागाच नव्हती. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) या राजकुमार तांगडे यांच्या नाटकात संभाजी भगतांच्या गाण्यांतूनच वाद पुढे सरकतो. शिवाजी कोणाचा, हा प्रश्न गात गात विचारला जातो, आणि हसताना प्रेक्षक कुठल्या बाजूला बसलाय हे त्याचं त्याला कळतं. कर्डकांच्या जलशाचा खरा वारस मला इथे दिसतो, जयंतीच्या स्टेजवर क्वचित.

हे काम सुखाने चालतं असंही नाही. २००२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांची उमेदीची वर्षं कोर्टकचेऱ्या आणि तुरुंगात गेली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये वीरा साथीदारांनी उभा केलेला वयस्क शाहीर गाण्यासाठीच आरोपी होतो. त्याच्या गाण्यात मुद्दा असतो, हीच त्याची अडचण. गौरवगीतावर असे खटले सहसा होत नाहीत.

गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' अतुल पेठे यांनी २०१२ मध्ये पुणे महापालिकेच्या कामगारांना घेऊन केलं. त्यातले बरेचसे सफाई कामगार होते. शब्दोच्चार सगळीकडे प्रमाण नव्हते, आणि ते तसे असावेत अशी अपेक्षा करणाऱ्यांनी ते नाटक नीट ऐकलं नाही. फुल्यांच्या काळातला वाद ते पाठ केल्यासारखा म्हणत नव्हते. समोरच्याला उत्तर देत होते.