विचाराला १.३५ सेकंद

स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल या तिघांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॲक्शन’ हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. माणूस आणि संगणक यांच्या देवघेवीचा विचार करणाऱ्यांना ते आजही पायाचं पुस्तक वाटतं. मी कला शाखेची, पण यातली मूळ कल्पना स्वयंपाकघर सांभाळणारीला लगेच कळते. काम तोडा, प्रत्येक तुकड्याचा वेळ मोजा आणि बेरीज करा. सराईत हाताला एक बटण दाबायला ०.२० सेकंद, माऊसने जागा दाखवायला १.१, बटणांवरून हात माऊसवर न्यायला ०.४. आणि पुढे काय करायचं हे मनात जुळवायला १.३५ सेकंद!

हे हिशेब पोकळ नाहीत. अमेरिकेतल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीत ऑपरेटरांसाठी नवी यंत्रं घ्यायचा विचार होता. यंत्र नवं म्हणजे काम झटपट, असं सगळ्यांनी धरलं होतं. या पद्धतीच्या गणिताने मात्र उलटं सांगितलं, आणि प्रत्यक्ष चाचणीत तेच निघालं. तो अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. कारण मोठं मजेचं आहे. ग्राहक बोलत असताना ऑपरेटरला तसंही थांबावंच लागे. बटणं कमी झाली ती नेमकी तिथे. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्याच असतील, तर भाजी भरभर चिरून जेवण लवकर होतं का?

माझी तक्रार पुढे आहे. हा बटणांचा हिशेब ज्याला रीत आधीच ठाऊक आहे आणि जो चुकत नाही, त्याचा आहे. लेखक हे स्वतःच सांगतात, लपवत नाहीत. कीबोर्डची ओळख नसलेल्यासाठीही त्यांनी आकडा दिलाय: एका बटणाला १.२० सेकंद. आता ‘स्त्री’ हा शब्द घ्या. सरकारी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर सरळ टाकला तर सहा बटणं, म्हणजे ७.२ सेकंद. पण स चा पाय कुठल्या बटणाने मोडायचा हेच माहीत नसेल तर? त्या शोधाशोधीला या बेरजेत रकाना नाही.

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे तर घरात मराठी, सरकारी कागदावर हिंदी आणि फोनवर इंग्रजी अक्षरांतली मराठी. महिला मंडळातली एखादी काकू “मला नाही जमत बाई” म्हणत फोन नातवाच्या हाती देते. फोनबरोबर ओटीपी जातो, पेन्शनचा आकडा जातो, कुणाला किती दिले तेही जातं. सेकंद वाचतात, पण आपला व्यवहार आपल्या हातात राहत नाही.

म्हणून या पुस्तकाशेजारी डोनाल्ड नॉर्मन यांचं १९८८ चं पुस्तक ठेवावं. ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या नावाने ते आता मिळतं. दार ओढायचं की ढकलायचं हे कळत नसेल तर दोष दाराच्या घडणीचा, असं ते ठासून सांगतात. ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकीने ते वाचावं.

आपल्या भाषेत हा विचार कामाला लागलेला दिसतो तो स्वरचक्रात. आयआयटी मुंबईने २०१३ मध्ये आणलेल्या या फोनच्या कीबोर्डवर व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने आहेत. क वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की असं चक्र उघडतं. पाटीवर बाराखडी गिरवलेलीला इथे नव्याने शिकायचं फार थोडं उरतं. बोटांचा वेग तोच, पण अडून राहणं कमी.

कार्ड, मोरान, न्यूएल यांनी विचाराला वेळ लागतो हे मान्य करून त्याला आकडा दिला, हे मोठंच काम. पण तो १.३५ सेकंद जाणत्या माणसाचा आहे. फॉर्म आणि ॲप बनवणाऱ्यांनी बेरीज जरूर करावी. फक्त समोर कोण बसवलंय हे आधी पाहावं. तिथे आपली काकू बसली, तर आकडे बदलतील आणि बहुतेक फॉर्मही बदलावा लागेल.