कबुलीजबाब आणि कॅमेरा : 'डबल इंडेम्निटी'तील निवेदनाविषयी

युद्धानंतर पॅरिसमध्ये दाखल झालेल्या काही अमेरिकन चित्रपटांसाठी नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली 'फिल्म न्वार' ही संज्ञा वापरली. पुढे या चित्रपटांची चर्चा बहुधा दोन याद्यांच्या आधारे होत गेली. एक यादी शैलीची : गडद छाया, एका बाजूने येणारा कठोर प्रकाश, तिरपे कोन. दुसरी कथनाची : गतस्मृतीच्या रूपातील निवेदन, पुरुष निवेदकाचा आवाज, घातकी स्त्री, अटळ विनाश. या दोन्ही याद्या नियतिवाद या एकाच आशयाच्या अभिव्यक्ती आहेत, असे सहसा गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

बिली वाइल्डर यांचा 'डबल इंडेम्निटी' (१९४४) त्यासाठी उपयुक्त ठरतो. जेम्स एम. केन यांच्या कादंबरीवरून वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी त्याची पटकथा लिहिली. जखमी विमा-एजंट वॉल्टर नेफ रात्री कार्यालयात येतो आणि बार्टन कीज या सहकाऱ्यासाठी डिक्टाफोनवर कबुली देऊ लागतो. पैसा आणि स्त्री यांसाठी आपण खून केला व दोहोंपैकी काहीच हाती लागले नाही, हे तो आरंभीच सांगून टाकतो. त्यामुळे पुढील प्रत्येक प्रसंगावर नियतीची सावली पडते. परंतु भूतकाळात सांगितलेली कोणतीही गोष्ट अटळच भासते, कारण ती घडून गेलेली असते. हा अटळपणा घटनांचा नव्हे, कथनाच्या काळाचा आहे. आणि तो कबुली देणाऱ्याच्या सोयीचाही आहे : जे टळणारच नव्हते, त्याची जबाबदारी हलकी होते. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली 'अविश्वसनीय निवेदका'ची संकल्पना येथे लागू पडते. नेफ घटना खोट्या सांगत नाही. तो त्यांना आकार देतो.

या आकाराला छेद देतो तो कॅमेरा. खुनाच्या प्रसंगी फिलिस गाडी चालवत आहे, शेजारी तिचा नवरा आहे आणि नेफ मागे दडून बसला आहे. ती ठरलेली खूण म्हणून भोंगा वाजवते. खून चौकटीबाहेर होतो. पडद्यावर राहतो तो फक्त फिलिसचा समोर पाहणारा चेहरा. खुनाचा तपशील दाखवण्यास तत्कालीन निर्मितिसंहितेचा अडसर होता, हे खरे. परंतु न दाखवण्याचे इतरही मार्ग होते. येथे निवडलेला चेहरा नेफला त्या क्षणी दिसणे शक्यच नव्हते. ज्याची ही आठवण, त्याच्या आठवणीत नसलेली गोष्ट आपण पाहतो.

यावर एक आक्षेप संभवतो. हॉलीवुडच्या रूढ व्याकरणात गतस्मृती निवेदकाच्या ज्ञानाची मर्यादा नेहमीच ओलांडते. मग येथे विशेष ते काय? विशेष असे की, एरवी या ओलांडण्यातून प्रेक्षकाला माहिती मिळते. येथे मिळतो तो एक चेहरा, आणि त्याचा अर्थ सांगण्यास निवेदक असमर्थ आहे. शेवटच्या भेटीत फिलिस नेफवर एक गोळी झाडते, दुसरी झाडत नाही. का, याचे तिने दिलेले उत्तर तो नाकारतो आणि तिला ठार करतो. तिचे म्हणणे खरे होते की तोही डाव होता, हे चित्रपट ठरवत नाही. ठरवतो तो नेफ.

ई. अ‍ॅन कॅप्लन यांनी संपादित केलेल्या 'विमेन इन फिल्म न्वार' (१९७८) या संग्रहात, दृश्यशैली या स्त्रीला कथानकापलीकडची शक्ती देते, असा विचार मांडला गेला. त्याला निवेदनाच्या अंगाने पुरवणी जोडता येईल. 'घातकी स्त्री' हे पात्र नसून एका साक्षीदाराने केलेले वर्णन आहे. तो साक्षीदार स्वतः आरोपी आहे, आणि त्याची साक्ष एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला ऐकवलेली आहे. फिलिसला स्वतःचे निवेदन नाही. तिच्या वाट्याला फक्त प्रकाश आणि चौकट येते.

म्हणून न्वारमधील छाया ही नियतीचे चिन्ह आहे, असे म्हणून थांबणे म्हणजे नेफच्याच बाजूने निकाल देणे होय. आवाज जेथे 'अटळ' म्हणतो, तेथे प्रतिमा 'अज्ञात' म्हणते. या प्रकाराचे सामर्थ्य शैली आणि कथन यांच्या एकरूपतेत नाही. ते या दोन साक्षींमधील न मिटलेल्या विसंगतीत आहे.