त्वचेतील रक्तप्रवाहाचे लेसर-मापन : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना : त्वचेला छेद न देता तिच्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची स्थिती जाणून घेणे ही वैद्यकाची जुनी गरज होय. १९७५ साली मायकेल स्टर्न यांनी ‘नेचर’मधील निबंधात लेसर प्रकाशाने हे साधता येते असे दाखविले. पुढे मधुमेहींचे पाय, भाजल्याच्या जखमा, औषधांचे परिणाम अशा अभ्यासांत ही पद्धती रूढ झाली. तिला मराठीत ‘रक्तप्रवाहमापन’ म्हणणे कितपत सार्थ आहे, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

तत्त्व : उगम वा निरीक्षक गतिमान असल्यास लहरीची वारंवारता बदलते, हे क्रिस्टियन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले. त्वचेवर सोडलेल्या क्षीण लेसर किरणांपैकी जे वाहत्या तांबड्या पेशींवर आदळतात, त्यांच्या वारंवारतेत अल्प फरक पडतो. स्थिर ऊतींवरून विखुरलेल्या प्रकाशात तो पडत नाही. या दोहोंच्या मिश्रणातून पेशींचे प्रमाण व त्यांचा सरासरी वेग यांचा गुणाकार मिळतो. मापनाची खोली सुमारे १ मिलिमीटर असते.

आक्षेप : पहिला आक्षेप एककाविषयी आहे. उपकरण जो आकडा दाखविते तो मिलिलिटरमध्ये नसून एका यादृच्छिक एककात असतो. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या ब्राउनी गतीवरून त्याचे अंशशोधन केले जाते. त्यामुळे दोन निर्मात्यांच्या उपकरणांवरील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. शिवाय रक्तपुरवठा पूर्णपणे थांबविला तरी वाचन शून्यावर येत नाही. या उरलेल्या ‘जैविक शून्या’चा उल्लेख न करता दिलेली सरासरी अपुरी होय.

दुसरा आक्षेप व्याप्तीविषयी. मुंबईच्या उपनगरांतील ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने विद्युत् संरोधावर आधारित रक्ताभिसरणमापक उपकरणे विकसित केली. ती अवयवाच्या संपूर्ण भागातील रक्ताच्या आकारमानात होणारा बदल टिपतात. लेसर मात्र एका बिंदूखालील त्वचेपुरते बोलते. अंगठ्याच्या त्वचेवरील समाधानकारक आकड्यावरून पायाच्या मोठ्या धमनीविषयी निश्चिंत होणे रुग्णाच्या पायाला महाग पडू शकते.

तिसरा आक्षेप परिस्थितीविषयी. विश्रांत अवस्थेत त्वचेतून मिनिटास सुमारे पाव लिटर रक्त वाहते. तीव्र उष्णतेत ते ६ ते ८ लिटरपर्यंत वाढू शकते. अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकावरून मे महिन्याच्या दमट उन्हात चालत आलेल्या स्वयंसेवकाची नोंद लगेच घेतली, तर आपण रोग नव्हे, हवामान मोजत असतो.

चौथा आक्षेप वर्णाविषयी. त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषून घेते. ६३३ नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात हे शोषण कमी असते. तरीही फिकट त्वचेच्या लोकसमूहांवरून ठरविलेल्या मर्यादा येथे तपासल्यावाचून वापरू नयेत. पल्स ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची न्यूनता अधिक वेळा हुकवितो, हे २०२० साली अमेरिकेतील अभ्यासाने दाखविले. तो धडा ताजा आहे.

मर्यादित सामर्थ्य : या आक्षेपांनी पद्धती त्याज्य ठरत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०११ साली भाजल्याच्या जखमांसाठी लेसर डॉप्लर प्रतिमांकनाला अनुकूलता दर्शविली. पण अनुभवी चिकित्सकांच्या तपासणीनंतरही ज्यांची खोली संदिग्ध राहते, अशाच जखमांसाठी. प्रश्न नेमका असला की उत्तरही उपयोगी ठरते.

निष्कर्ष : हे तंत्र प्रवाहाचे परिमाण सांगत नाही, त्याच जागी, त्याच परिस्थितीत झालेला बदल ते उत्तम सांगते. म्हणून ‘रक्तप्रवाहमापन’ऐवजी ‘सापेक्ष रक्ताभिसरण निर्देशांक’ ही संज्ञा अधिक प्रामाणिक ठरेल. महाविद्यालयीन प्रकल्पांच्या मार्गदर्शकांनी खोलीचे तापमान, २० ते ३० मिनिटांची विश्रांती, मापनाची जागा, प्रकाशाची तरंगलांबी व जैविक शून्य यांची नोंद अनिवार्य करावी. निष्कर्षही निव्वळ आकड्यांत न मांडता, स्थानिक उष्णतेने मिळणाऱ्या कमाल प्रतिसादाच्या टक्केवारीत मांडावेत. एवढी शिस्त पाळली गेली, तरच अशा शोधनिबंधातील आकडा रुग्णाच्या उपचारापर्यंत नेण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.