'तिरुमंदिरम्'मधील शिवलीलांचा योगपर अर्थ
तमिळ शैव परंपरेत शिवाची आठ वीरकृत्ये आठ क्षेत्रांशी निगडित आहेत. तिरुमूलर 'तिरुमंदिरम्' या ग्रंथात त्यांचा योगपर अर्थ लावतात. त्रिपुरदहन म्हणजे आणव, कर्म व माया या तीन मलांचा नाश होय. शिवाने पदाघाताने यमाचे दमन केले, या कथेत त्यांना मूलाधारातील अग्नीचे ऊर्ध्वगमन दिसते. तमिळमधील 'काल्' हा शब्द पाय आणि वायू अशा दोन्ही अर्थी येतो, हे येथे लक्षणीय आहे. मात्र योगार्थच खरा व कथा केवळ अज्ञजनांसाठी, असे म्हणणे ग्राह्य वाटत नाही; कारण याच पद्यात तिरुमूलर कालसंहाराच्या कडवूर क्षेत्राचा नामोल्लेख करतात. सारांश, योगार्थ कथेला बाद करीत नाही. तो क्षेत्राची महती साधकाच्या देहापर्यंत आणतो.